बिरड्याचं भांडण

भांडायची खोड मला लहानपणापासूनची. आई म्हणायची, याला भिंतीपाशी बसवला तरी हा भिंतीशी वाद घालील. त्यामुळे नव्वदच्या दशकाच्या शेवटी बदलापूरच्या आमच्या दोन खोल्यांत कॉम्प्युटर आला आणि मी ई-मेलवरच्या एका मराठी चर्चागटात शिरलो, तेव्हा माझी चंगळच झाली. एकानं लिहिलेलं सगळ्यांना जायचं, आणि सगळ्यांनी दिलेली उत्तरं पुन्हा सगळ्यांना. कॉम्प्युटर उल्हासनगरातून जुळवून आणलेला. दुकानदार म्हणाला होता, "साईं, मोडेम लगाओ, दुनिया घर में आएगी." आली की. रोजचे शंभर-दीडशे मेल!

मी अंबरनाथच्या एका कारखान्यात केमिस्ट. शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी टेलिफोनची वायर मोडेमला लावून बसलो की दोन तास घरचा फोन बंद. बायको म्हणायची, "माझ्या माहेरचं कोणी गेलं तर आपल्याला तेराव्यालाच कळणार."

आमच्या खाली तळमजल्यावर एक काका एकटे राहायचे. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले. मुलगी एकच. तिनं परजातीत लग्न केलं, तेव्हा काकांनी तिला उंबरा बंद केला. ती अमेरिकेला गेली. काकू वारल्या तेव्हा तिनं फोन केला, तर काकांनी आवाज ओळखून रिसीव्हर खाली ठेवला. हे त्यांनीच मला सांगितलेलं, माझ्याकडे न बघता.

एकदा गटावर कोणीतरी वालाच्या बिरड्याची रीत विचारली. उत्तरात एका बाईनं लिहिलं, 'अंबरनाथच्या क्वार्टर्समध्ये आई मोड आलेले वाल घेऊन बसली की माझे बाबा फॅक्टरीचा भोंगा होईपर्यंत तिच्याबरोबर सोलत बसायचे.' खालचं आडनाव वेगळं होतं, पण नाव काकांच्या मुलीचं. मी प्रिंट काढून खाली नेली. काकांनी ती उभ्याउभ्या दोनदा वाचली. म्हणाले, "याला उत्तर पाठवता येतं का रे?"

पुढच्या शुक्रवारी ते चिठ्ठी घेऊन आले. 'वाल अजून मीच सोलतो. तू बरी आहेस ना?' एवढंच. मी तिचा तोच बिरड्याचा मेल उघडला, 'उत्तर द्या'वर क्लिक केलं, चिठ्ठी टाइप केली, खाली 'तुमच्या बाबांचा बदलापूरचा शेजारी' म्हणून माझं नाव घातलं आणि फक्त तिला पाठवली. वरचा विषय होता तोच राहिला, 'वालाचं बिरडं'. वेगळा विषय लिहायचा मला कंटाळा.

आणि त्याच आठवड्यात गटावर भांडण पेटलं. बिरड्यात नारळाचं दूध की कांदा-खोबऱ्याचं वाटण? एकानं लिहिलं, बिरडं म्हणजे शेवटी उसळच, उगाच कौतुक कसलं. झालं! माझं डोकं फिरलं. मी एकट्यानं अकरा मेल लिहिले. मग जात निघाली, गाव निघालं, एकमेकांच्या आयांचा स्वयंपाक निघाला. मेलबॉक्स तुंबली, मोडेम धापा टाकायला लागलं. आग मीच लावलेली, आणि वैतागलो पण मीच. शेवटी फिल्टर लावून कॉम्प्युटरला हुकूम दिला की ज्याच्या विषयात 'बिरडं' असेल, तो मेल, आलेला असो की येणारा, मला न दाखवता सरळ कचऱ्यात टाक. म्हटलं, एकदाची ब्याद टळली.

त्यानंतर दर शुक्रवारी काका दारात. "काय रे, काही आलं का?"

"नाही काका."

"कामात असेल."

असे सात-आठ शुक्रवार गेले. एकदा तर मी वर शहाणपणाही केला, म्हटलं, तिकडे गेलेली माणसं अशीच होतात. काका जिना उतरून गेले.

मग एक दिवस कॉम्प्युटरमधली जागा संपली. कचरा रिकामा करायचा होता, पण त्याआधी माझी ती अकरा उत्तरं पुन्हा एकदा चवीनं वाचावी म्हणून मी तो उघडला. काय खाज असते माणसाला! त्या ढिगाऱ्यात तिचं नाव दिसलं. विषय, 'वालाचं बिरडं'.

'दादा, बाबांना सांगा, मी बरी आहे. ऑफिसच्या कामाला येत्या सोमवारपासून चार दिवस मुंबईत येतेय. फोन करायचा धीर होत नाही, एकदा ठेवलाय त्यांनी. त्यांनी 'ये' म्हटलं तर तेवढंच कळवा, मी बदलापूरला येईन. काही आलं नाही, तर समजून जाईन.'

ते चार दिवस होऊन तीन आठवडे झाले होते.

तेव्हाच खाली जायला हवं होतं. पण वाटलं, आधी तिला समजावू, तिचं गोड उत्तर आलं की मगच काकांकडे जाऊ. तो हुकूम आधी रद्द केला, मग फिल्टर, कचरा, माझा गाढवपणा, सगळं सविस्तर लिहून पाठवलं.

तिसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं. 'दादा, तुम्ही भले आहात, बाबांची बाजू सांभाळताय. मेल फिल्टरमध्ये गेला हे कारण मीही ऑफिसात देते. हॉटेलात मी चारही दिवस सकाळ-संध्याकाळ मेल बघत होते. आता पुन्हा नको.'

मी आणखी दोनदा लिहिलं, गळ्याशपथ सांगितलं. उत्तर नाही.

शुक्रवारी काका आले. हातात वाटीभर सोललेले वाल, माझ्या बायकोसाठी. "काय रे, काही आलं का?"

तिची दोन्ही पत्रं छापून टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवली होती. माझा हात तिथेच होता. इतके शुक्रवार मी न कळत खोटं बोललो होतो, त्या दिवशी कळून बोललो.

"नाही काका."

त्यांनी वाटी टेबलावर ठेवली. "असू दे," म्हणाले. "मीच फोन ठेवला होता तिचा. ती कशाला लिहील?"

पुढच्या शुक्रवारपासून त्यांनी विचारणं सोडलं. चार वर्षांनी गेले. नारळाच्या दुधावरून मी अख्ख्या जगाशी भांडलो, आणि काकांचं ते एक वाक्य खोडून काढायला माझं तोंड उघडलं नाही.