स्टँडखालची विहीर

भागोजी मयेकर १९२४ साली मुंबईहून कायमचा घरी आला तेव्हा त्याच्या ट्रंकेत दोन सदरे, एक घोंगडी आणि हवा काढलेला एक फुटबॉल होता. गोदीत पेटी कोसळून त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली होती, आणि बोटांबरोबर कामही गेलं होतं. अकरा वर्षांच्या नोकरीत दर रविवारी तो कुलाब्याला जाऊन गोऱ्या सोल्जरांचे सामने दोरीबाहेर उभा राहून बघायचा. मुंबईचं दुसरं काहीच त्याला आठवावंसं वाटत नसे.

रत्नागिरीत त्याची वाडी खाडीच्या वरच्या अंगाला होती. तेरा घरं, जमीन खोताची. वाडीपुढे जांभ्याचा खडबडीत उतार होता, त्यावर गुरंसुद्धा नीट उभी राहत नसत. भागोजीने दोन हिवाळे पहारीने तो उतार फोडला. आधी लोक हसले, मग एकेक जण हाताखाली आला. बायकांनी खाडीकाठची माती टोपल्यांनी वर आणली. पोफळीच्या सोटांचे गोलखांब उभे राहिले आणि वाडीचे गडी अनवाणी पायांनी फुटबॉल खेळू लागले.

पाचसहा वर्षांत त्या मैदानाचं नाव झालं. दाभोळचा संघ शिडाच्या मचव्यातून यायचा. बाजारपेठेतले दुकानदार दुकानं लवकर बंद करून बांधावर येऊन बसायचे. मध्यंतरात खेळणारे धावत जायचे ते सगुणाकाकीच्या घरामागच्या परड्यात. तिथे वाडीची एकुलती एक विहीर होती. काकीच्या नवऱ्याने लग्नाच्या वर्षी ती खणली होती. पुढे तो समुद्रावर गेला तो परतला नाही. काकी काठावर उभी राहून एकेकाच्या ओंजळीत पाणी ओतायची. खेळातलं तिला काही कळत नसे. कोण दमलंय एवढं मात्र बरोबर कळायचं.

१९३३च्या दिवाळीनंतर खोत आणि गावातले तीन वकील यांनी मिळून कमिटी केली. मैदानाला भिंत घालायची, चिऱ्यांच्या पायऱ्यांचा आणि पत्र्याच्या छपराचा स्टँड बांधायचा, मोटारी येतील असा रुंद रस्ता करायचा. वाडी त्यात आडवी येत होती. वाडीला वर सड्यावर, उघड्या कातळाच्या पठारावर, जागा मिळणार होती.

विठूच्या चहाच्या दुकानात महिनाभर दुसरा विषय नव्हता.

"पावसाची सर आली तरी छपराखाली बसून मॅच बघायची," लवू म्हणाला. तो बाजारातला शिंपी. एकही सामना चुकवत नसे. "मुंबईची टीम येईल इथे. काय कमी आहे त्यात?"

"तुझं घर बाजारात हाय," गंगाराम म्हणाला. तो वाडीचा गोलकीपर. "तू छपराखाली बसशील. आमी सड्यावरनं आरडाओरड ऐकू. तिथं पाणी तरी हाय का?"

"कमिटी बघेल पाण्याचं."

"कमिटीनं कधी घागर उचललीय?"

मग दोघांनीही भागोजीकडे पाहिलं. मैदान त्याचं, असं सगळे मानत.

भागोजी म्हणाला, "मी आयुष्यभर दोरीबाहेर उभा राहून खेळ बघितला. आपली माणसं एकदा तरी पायरीवर बसू देत. घरं काय, पुन्हा बांधता येतात."

त्या एका वाक्याने वाडी फिरली. कमिटीचा सेक्रेटरी स्वतः भागोजीच्या अंगणात आला, खाटेवर बसला, त्याला 'मयेकर' म्हणाला. विहिरीचं विचारल्यावर म्हणाला, "विहिरीला हात लागणार नाही. भिंतीत एक दार ठेवू, बायकांनी खुशाल यावं." कागद मात्र केला नाही, आणि भागोजीने मागितला नाही.

बारा घरं जायला तयार झाली. राहिली सगुणाकाकी.

"सड्यावर मी एकटी काय करू?" ती भागोजीला म्हणाली.

"काकी, घर मी बांधून देतो. विहीर तुझीच राहील. माझा शब्द हाय."

"बरं," काकी म्हणाली, आणि भांडी आवरायला लागली.

फाल्गुनात वाडी हलली. लोकांनी आपल्याच घरांचे चिरे डोक्यावरून मैलभर वर नेले. भागोजीने काकीचं घर सगळ्यांत आधी उभं केलं. पावसाळा निभला. पुढच्या मार्गशीर्षात स्टँडची आखणी झाली, आणि विहीर नेमकी मधल्या पायऱ्यांखाली आली. तीन दिवस गाड्या विहिरीत दगडमाती ओतत होत्या. भागोजी सेक्रेटरीच्या घरी गेला. ओटीवर तासभर उभा राहिल्यावर सेक्रेटरी बाहेर आला.

"इंजिनियरने जागा बदलली, मयेकर. एका विहिरीसाठी अख्खा स्टँड सरकवायचा का?"

"तुमी शब्द दिलात."

"कमिटीने दिला नव्हता. मी माझं मत सांगितलं होतं."

उद्घाटनाचा सामना १९३६च्या जानेवारीत झाला. आठ दिवस आधी नियम लागला: बूट नसलेल्या खेळाडूला मैदानात प्रवेश नाही. वाडीच्या अकरा जणांत कुणाकडेच बूट नव्हते, आणि स्टँडच्या तिकिटाला पैसेही नव्हते. गंगाराम आणि बाकीचे भिंतीवरून डोकावायला गेले, तर पहारेकऱ्याने खाली उतरवलं. भागोजीला मात्र जुना खेळाडू म्हणून पहिल्या रांगेत खुर्चीचं आमंत्रण होतं. तो गेला नाही. लवू गेला. संध्याकाळी विठूच्या दुकानात येऊन तो नीट काही सांगेना.

"बसायला बरं आहे," एवढंच म्हणाला. गंगाराम उठून बाहेर गेला.

सड्यावरच्या बायका आता ओढ्यापर्यंत खाली जाऊन पाणी वर चढवत होत्या. काकीही जायची, साठीच्या वयात, मध्ये दोनदा बसत. भागोजीच्या दारावरून जाताना पूर्वीसारखं "काय रे" म्हणायचं तेवढं तिने बंद केलं.

भागोजीने सड्यावर विहीर खणायला घेतली. सात बोटांनी पहार धरून तो रोज थोडा कातळ फोडायचा. गंगाराम अधूनमधून हात द्यायचा, पण बोलायचा नाही. तिसऱ्या वर्षी तीस हातांवर ओल लागली, आणि चार दिवसांनी गुडघाभर पाणी साठलं. भागोजीने पहिली कळशी भरली आणि थेट काकीच्या दारात नेऊन ठेवली.

"काकी, पाणी लागलं. गोडं हाय."

काकी जात्यावर बसली होती. तिने दळण थांबवलं नाही.

"तू शब्द दिलास तेव्हा मी तुला विचारलं नव्हतं, खरं का म्हणून," ती म्हणाली. "ने ती कळशी. ज्यांना तुझ्यावर भरवसा हाय त्यांना दे."

भागोजी कळशी उचलून परत आला, आणि पाणी आपल्या घरातल्या हंड्यात ओतलं.

त्या विहिरीचं पाणी माघापर्यंत पुरायचं, पुढे चिखल उरायचा. सगुणाकाकीने ते पाणी कधी भरलं नाही. भर पावसाळ्यातसुद्धा, काठोकाठ विहीर दारापुढे असताना, ती घागर घेऊन ओढ्यावर जायची. दोन वर्षांनी ती देवरुखला भावाकडे निघून गेली. बैलगाडीत गाठोडं चढवायला भागोजी पुढे झाला, तर तिने ते गंगारामच्या हातात दिलं.