बाळ्याचे तीन किलो

गेल्या सोमवारी संध्याकाळी दार उघडलं, तर बाहेर फुटबॉल क्लबचा ट्रेनर उभा. हातात आमचा स्टीलचा डबा... झाकणावर सासूबाईंचं नाव कोरलेला.

"हा तुमचाच ना?" त्यानं विचारलं. "जा, गेनाऊ," मी म्हणालो. म्हणजे हो, अगदी बरोबर. न्युरेम्बर्गमध्ये सोळा वर्षं इंजिनिअरकी करून मला जर्मनमधलं एवढंच बिनचूक जमतं. साहेब काहीही विचारो, तोंडातून हेच.

ट्रेनरनं तीन बोटं वर केली... अंगठ्यापासून, इथल्या पद्धतीनं. "तीन किलो. पाच आठवड्यांत."

किलो कुणाचे, हे मला विचारावं लागलं नाही.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत क्लबनं एक कोरियन मुलगा ठेवलाय. दोयुन, वय अठरा. शाळा अर्धवट सोडून सप्टेंबरात इथल्या ज्युनिअर टीममध्ये आलाय, सहा महिन्यांच्या बोलीवर. आवडला तर करार, नाही तर परतीचं विमान. आणि परत गेलेल्याला पुन्हा कुणी बोलावत नाही, हे त्यानंच मला मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं होतं. माझी जर्मनही मोडकीच, त्यामुळे आमचं जुळतं.

जानेवारीत एका रविवारी दुपारी त्याच्या हातून जिन्यात चेंडू आपटला. रविवारी दुपारी इथं शिंकायचंसुद्धा जपून. तळमजल्यावरच्या बाईंनी झापलं, म्हणून हा घरोघर माफी मागत फिरला... कमरेतून वाकून, दोन्ही हातांत संत्र्यांची पिशवी धरून.

आमचं दार सासूबाईंनी उघडलं. बर्फ बघायला म्हणून तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्यात. बर्फ दोन दिवसांत बघून झाला, पुढचे अठ्ठ्याऐंशी दिवस रिकामे होते. "ये रे बाळ्या, आत ये," म्हणत त्यांनी त्याला सरळ ताटावर बसवलं.

तिथून ते रोजचंच झालं. आता गंमत बघा... त्याच्या आईनं शिकवलेलं, की मोठ्या माणसानं वाढलेलं नाकारायचं नाही, शेवटच्या शितापर्यंत संपवायचं. आणि सासूबाईंना त्यांच्या आईनं शिकवलेलं, की पाहुण्याचं ताट रिकामं दिसता कामा नये.

ही गाडी थांबणार कुठे?

वरणभातावर तूप, थालीपिठावर लोण्याचा गोळा, निघताना डब्यात बेसनाचे लाडू. एकदा तर तो टेबलाला धरून उठला. "कसं शहाण्यासारखं जेवतो! नाही तर आमचे जावई... आमटी बघून तोंड वाकडं करतात," सासूबाई म्हणाल्या.

खरं सांगतो, मला सगळं दिसत होतं. पण त्या त्याला वाढत असेपर्यंत "जावईबापू, पुण्याला परत कधी येणार?" हा प्रश्न बंद होता. ऑफिसातून पिळून आलेल्या माणसाला तेवढीच शांतता... एका पोराच्या पोटाच्या जिवावर मी पाच आठवडे ती उपभोगली.

ट्रेनर म्हणाला, शनिवारी मॅच आहे, त्यानंतर त्याचा निकाल. लॉकरमध्ये हा डबा सापडला. कुणी दिला विचारलं तर पोरगा नुसता वाकून माफी मागत राहिला. शेवटी बिल्डिंगमध्ये विचारलं, तर तळमजल्यावरच्या बाईंनी आमच्या दाराकडे बोट दाखवलं. (फोडणीचा वास पाच वर्षं साठवून ठेवला होता त्यांनी.)

मी सासूबाईंना सांगितलं. त्या चांगल्याच दुखावल्या. "मग पुरे म्हणायचं की त्यानं! रिकामं ताट बघत बसायचं आमच्यात नाही."

मग आमच्या हॉलमध्ये ट्रेनिंग सुरू झालं. बायको पळी घेऊन उभी, समोर दोयुन, मधे रिकामं ताट. मी त्याला ताटावर हात आडवा धरून "पुरे" म्हणायला शिकवत होतो. हात निम्म्यापर्यंत यायचा... आणि पुढच्या क्षणी दोन्ही हातांनी ताटच पुढे व्हायचं.

गुरुवारी खरी परीक्षा. सासूबाई सवयीनं तुपाची वाटी घेऊन आल्या. पोराचे कान लाल. एक हात आडवा धरणं त्याला उद्धटपणाचं वाटलं असावं, कारण त्यानं दोन्ही हात ताटावर धरले आणि कपाळ टेकेल इतका वाकून म्हणाला, "पुरे, आजी."

सासूबाई वाटी घेऊन परत गेल्या. आतून फक्त आवाज आला, "खेळ म्हणावं नीट."

शनिवारी आम्ही थंडीत कुडकुडत मैदानाच्या कडेला. सासूबाईंच्या साडीवर माझं जॅकेट. वर्ल्डकप इथं होऊन गेला तरी मला फुटबॉल कळत नाही, पण शेवटची पंचवीस मिनिटं तो जिवाच्या आकांतानं पळाला, एवढं कळलं. गोल नाही झाला. ट्रेनर म्हणाला, "जूनपर्यंत ठेवतो. मग बघू."

दोयुन धापा टाकत सासूबाईंसमोर येऊन वाकला. त्यांनी पर्समधून लाडू काढला आणि आधी ट्रेनरकडे पाहिलं. ट्रेनरनं नुसता अंगठा वर केला. म्हणजे एक.

काल ऑफिसात साहेबानं सुट्टीवर गेलेल्या माणसाचं काम माझ्या टेबलावर सरकवलं. पुढचे चार शनिवार. "जमेल ना?" मला ते ताट आठवलं. मी समोरच्या रिकाम्या जागेवर दोन्ही हात आडवे धरले...

आणि तोंडानं म्हणालो, "जा, गेनाऊ."

हात तरी आले. बाळ्या, तुझे आभार. तोंडाचं जूनपर्यंत बघू.