सोनगीरच्या नानांचा सांधा

जगात धुण्यासारखी नाही अशी एकही वस्तू नाही, असा माझ्या बायकोच्या मामांचा, म्हणजे सोनगीरच्या नानांचा, ठाम विश्वास आहे. केळं सोलायचं असलं तरी नाना आधी ते धुणार. एसटीत बसण्यापूर्वी ओल्या फडक्याने सीट पुसणार, आणि कंडक्टर काही बोलायच्या आत त्याचीही पुसून मोकळे होणार. एकदा मी जळगावहून बर्फी नेली. त्यांनी पुडा पुसला, इथवर ठीक. मग बर्फीकडेही विचारपूर्वक पाहिलं. मामींनी ती वेळीच उचलली.

असा माणूस घसरणार कुठे, तर स्वतःच धुतलेल्या अंगणात. खुब्याचं हाड मोडलं, धुळ्याला नवा सांधा बसला आणि नाना वॉकर धरून घरी आले. थोड्या दिवसांनी मी भेटायला गेलो, तर मोरीत वॉकरला टेकून स्वतःचं धोतर धूत होते. ‘‘दिनभर हाऊच धंदा शे,’’ मामी म्हणाल्या, ‘‘माले हात लावू देतस नही.’’ मी हसलो, आणि हसता हसता माझं लक्ष दोरीवरच्या धोतरांकडे गेलं. प्रत्येकावर खुब्यापाशी तोच पिवळट डाग. जखमेच्या टाक्यांतून पाणी येत होतं आणि नाना ते लपवत होते.

‘‘लोक काय म्हनतीन, जावईबापू? बठ्ठं जग धुणारा मानूस, आनि मन्हाच आंगमा घाण?’’

मी त्यांना तसंच गाडीत घालून धुळ्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, ‘‘वेळेत आणलंत. आत जंतू झालेत. सांधा उघडून आतून धुऊ, त्याचा सुटा निघणारा गोळा बदलू. पण जंतू हटले नाहीत, तर सगळाच काढावा लागेल. मग चालणं अवघड आहे.’’ मामींनी पदर तोंडाला लावला. नानांच्या कानात मात्र एकच शब्द शिरला होता. ‘‘धुणार? मंग घाई करू नका, डॉक्टर. पहिलं पाणी फेकी द्या.’’

सांधा धुतला. आधी शिरेतून औषध, मग महिनोन्‌महिने गोळ्या, आणि दर खेपेला रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत आमचा जीव टांगणीला. परवा डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. सांधा वाचला! दवाखान्यातच मी नानांना मिठी मारली. त्यांनी नंतर सदरा बदलला म्हणे, पण मला त्याचं काही नाही.

आता रोज संध्याकाळी मामी जखमेची जागा बघतात. नाना भिंतीकडे तोंड करून पडतात आणि विचारतात, ‘‘कोरडं शे ना?’’ मामी ‘शे’ म्हणतात. थोड्या वेळाने ते पुन्हा विचारतात. इतका भ्यालेला माणूस तेव्हा कुणाला एक शब्द बोलला नव्हता, याचं मला अजून वाईट वाटतं.