जाऊन-येऊन एकच कॅसेट

आमच्या आईला सहीपुरतंच लिहिता यायचं. त्यामुळे ऐंशीच्या दशकात मी स्कॉटलंडला शिकायला निघाले तेव्हा ख्यालीखुशाली कळवायची कशी, हा मोठाच पेच होता. तो शेजारच्या खालाने, म्हणजे आमच्या मानलेल्या मावशीने, सोडवला. तिचा नवरा कुवेतला नोकरीला होता, घरात टेप होता आणि नवरा-बायकोचा अर्धा संसार कॅसेटवरच चालायचा. तिने मला एक कॅसेट दिली आणि तिच्या घरचा नियम सांगितला. तू भरून धाडायची, आम्ही ऐकायची, मग त्यावरच आमचं बोलणं भरून तुला धाडायची. दोन कॅसेटी ठेवल्या तर काय बिघडेल, असं मी विचारलं.

"माणूस जितं हाय तवर त्याचा आवाज कशाला साठवायचा?" खाला म्हणाली. "ऐकायचा नि पुसायचा."

तर मी दर रविवारी दुपारी वसतिगृहातल्या खोलीत टेप समोर घेऊन बसायची आणि आईला आठवडा सांगायची. चार रविवार झाले की कॅसेट रत्नागिरीला रवाना. सोमवारी सांख्यिकीचा तास असे. शिकवणारे गृहस्थ फक्त फळ्याशी बोलायचे आणि फळा काही मला पुढे सांगत नसे. मंगळवार-बुधवार प्रयोगशाळा. माशाच्या कानातला खडा काढायचा, घासून पातळ करायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यावरची वर्तुळं मोजायची. तिकडच्या कडक थंडीत माशाची वाढ मंदावते, म्हणून वर्षाला एक वर्तुळ. जितकी वर्तुळं तितकं वय. गुरुवारी पहाटे बंदरावरून नमुने आणायचे. तेवढा एक दिवस मला परकं वाटायचं नाही, कारण वास आमच्या बंदरासारखाच होता. शनिवारी कपडे धुवायचे आणि ते वाळायची वाट बघत मंगळवार गाठायचा.

आईचं उत्तर यायचं, "मासा खायचा सोडून त्याचं वय कसलं विचारतेस गो? लगीन लावायचंय काय त्याचं?"

शुक्रवारबद्दल मात्र मी कधी धड सांगितलं नाही. शुक्रवारी चर्चासत्र असायचं. एकाने उभं राहून आपलं काम मांडायचं आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारून त्याला सोलून काढायचं. बाजारात सुरमईच्या तुकडीवरून तास तास हुज्जत घालणारी मी तिथे तोंडात मिठाची गुळणी धरून बसायची. इंग्रजी वाचता यायचं, कळायचं, पण बोलायला गेलं की वाक्य अर्ध्यावर माझा हात सोडायचं. मला शिकवणाऱ्या बाई मायाळू होत्या, तरी एक दिवस त्यांनी स्पष्टच सांगितलं: ईस्टरच्या सुट्टीनंतर तुझी पाळी आहे, आणि तुला पुढच्या वर्षी ठेवायचं की परत पाठवायचं, ते त्यावर ठरेल.

त्या रविवारी टेप लावला आणि मला रडूच कोसळलं. मला इथलं काही जमत नाही, मला तुझ्याकडे यायचंय, ये म्हण, लगेच येते, असं सगळं हुंदके देत बोलले. रडून झाल्यावर शहाणपण सुचलं. कॅसेट मागे घेतली आणि त्यावरच नवं भरलं, थोडक्यात: मी मजेत आहे, बर्फ थांबलाय, बटाटे खाऊन खाऊन जाडी झालेय. पुसलं गेलं म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला आणि सोमवारी कॅसेट टपालात टाकली.

उत्तर आलं ते वेगळंच. एरवी आई 'जेवलीस काय'पासून सुरुवात करायची. या वेळी बायकांची कुजबुज ऐकू आली आणि मग आईचा आवाज, जरा मोठा, सभेत बोलावं तसा. "आज मी आळीतल्या बायांना तुजं काम सांगताय. चुकलं तर कळव." आणि तिने खरोखरच सगळं सांगितलं, खडा, वर्तुळं, थंडी, माझ्याच शब्दांत, फक्त सोपं करून. मग तिने ढोमा मासा घेतला. ढोम्याच्या डोक्यात चांगले मोठे खडे असतात, हे आमच्याकडे कोळ्याच्या पोरालाही ठाऊक असतं. तिने डोकं फोडलं आणि खडा ताटलीत टाकला. तो टण्ण आवाज मी हजारो मैलांवर बसून ऐकला.

बायांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. कुणी म्हणाली, वय कळून मासा स्वस्त होणार काय? आई म्हणाली, "नाय. पण धरायचा मासा कुठचा नि लहान म्हणून सोडायचा कुठचा, ता कळंल." हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. मग खाला बोलली. "थंडीन वाढ थांबते म्हणून वर्तुळ पडतं ना? मग आमच्या हितं कुठली एवढी थंडी? आमच्या ढोम्याचं वय कसं मोजायचं?"

आई म्हणाली, "ता मला नाय ठावूक. ता तिला विचारायचं. चल, ठेवताय आता."

'ठेवताय आता' आलं की मी टेप बंद करायची, तसा केला. हसत होते, आणि रिकाम्या खोलीत खालाच्या प्रश्नाचं उत्तर मोठ्याने द्यायला लागले होते. ते मिळेना, म्हणून पुस्तकं काढली. पुढच्या महिन्यातल्या शुक्रवारी मी उभी राहिले आणि आईने सांगितलं त्याच क्रमाने बोलले. शेवटी खालाचा प्रश्न ठेवला आणि म्हटलं, याचं उत्तर मला शोधायचंय. व्याकरण जागोजागी ठेचाळलं, पण मी थांबले नाही. बाईंनी मला ठेवून घेतलं. ती बातमी मी त्याच कॅसेटवर भरली, दहा मिनिटांत, आनंदाच्या भरात. उत्तर आलं ते नव्या कॅसेटवर. जुनी खराब झाली असेल, असं मला वाटलं.

आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत ती जुनी कॅसेट सापडली. चांगली धडधाकट होती. म्हणजे आईने खालाचा नियम मोडून माझा आवाज साठवला होता. खालाचा टेप अजून चालत होता, तेव्हा आम्ही दोघी ऐकायला बसलो. माझी दहा मिनिटं संपली, खट्ट आवाज झाला आणि आईच्या त्या सभेचा उरलेला भाग सुरू झाला. खालाचा प्रश्न. आईचं 'ठेवताय आता'. या वेळी मी बंद केला नाही. त्या दिवशी तिकडे खालाही बटण दाबायला विसरली होती.

भांड्यांचा आवाज आला, बाया उठल्याचा. मग आई हळू आवाजात म्हणाली, "तिचं रडणं मागं उरलेलं, ता आपण ऐकलं, कळलं नसंल ना गो तिला?"

"नाय कळायचं. पण ये म्हणून का नाय सांगितलंस?" हा खालाचा तेव्हाचा आवाज.

"सांगितलं असतं तर आली असती," आई म्हणाली. "नि मला तर ती कालच यायला हवी होती."

पुढे नुसती खरखर होती. खालाने बटणाकडे हात नेला नाही, मीही नाही. कॅसेट संपेपर्यंत आम्ही तशाच बसून राहिलो.