नवापूरच्या गाडीत उघड्या तोंडानं

कळसाडीच्या अनुसयाबाईंना आपल्या जेठांचे, म्हणजे मोठ्या दिरांचे, पाय बरोबर ओळखू यायचे. टाचांना भेगा, अंगठ्याचं नख काळं पडलेलं, पायांत करकरणारे जोडे. खोकलाही ओळखीचा. ओट्यावर रूपचंदभाऊ खोकले की घरातल्या सुना हातातलं काम टाकून पदर हनुवटीपर्यंत ओढायच्या आणि भिंतीकडे तोंड करायच्या. गुजरांच्या घरात याला लाज काढणं म्हणत. नवऱ्याच्या वडीलधाऱ्यांना तोंड दाखवायचं नाही, आवाजही ऐकवायचा नाही. अनुसयाबाई परकर सोडून लुगडं नेसायला लागल्या त्याच वर्षी या घरात आल्या. आता केस पिकले, स्वतःच्या हाताखाली छबू नावाची सून आली, सासरे कधीच गेले, पण जेठ होते ना! जेठांचा चेहरा त्यांनी पदराआडून अर्धामुर्धा पाहिला असेल. त्यांचा चेहरा मात्र जेठांनी कधीच पाहिला नव्हता.

आणि ही बाई काही गरीब गाय नव्हती, बरं का. कुणाची म्हैस कपाशीत शिरली तर ती खुंट्याला बांधून ठेवायच्या आणि मालकाला सगळ्या गावादेखत बोलावून त्याची खरडपट्टी काढायच्या. असली बाई, आणि एका खोकल्यानं मुकी व्हायची! याचा त्यांना भयंकर राग यायचा. राग गिळून गिळून पोट भरलं होतं नुसतं.

रूपचंदभाऊ दरसाल कापूस घेऊन आगगाडीनं सुरतेला जायचे. परत आले की ओट्यावर बैठक बसायची आणि भाऊंची गाडी सुरू व्हायची. खांडबारा स्टेशन सोडलं की कसे डोंगर लागतात, इंजिन कसं धापा टाकतं, सागाची पानं कशी खिडकीला घासतात, खाली ओढे कसे चमकतात. अनुसयाबाई चुलीपुढे बसून हे ऐकायच्या आणि भाकरी करपवायच्या. एकदा तरी तो डोंगर डोळ्यांनी पाहायचा, एवढं एकच त्यांनी मनात धरलं होतं. दागिना नको, तीर्थ नको.

अठ्ठावन्न साली दिवाळी झाली आणि भाऊंनी गावभर जाहीर केलं, "यंदा घरन्या बायासले गाडीमा बसाडीसन डोंगर दखाडसू!"

अनुसयाबाईंनी रात्रीची वाट पाहिली नाही. नवऱ्याला, धुडकूभाऊंना, गोठ्यातच गाठलं. "भाऊले इचारा, गाडीमा बी लाज काढनी का?"

धुडकूभाऊंची भावापुढे नेहमी बोबडी वळायची, तरी बिचाऱ्यांनी विचारलं. उत्तर आलं, मर्यादा घराची असते, गावाची नसते, ती गाडीतही पाळायची.

घ्या! डोंगर दाखवणार, आणि डोळ्यांवर पदर!

तरी त्या निघाल्या. तापी ओलांडून आदल्या दिवशी नंदुरबारला नातलगांकडे मुक्काम, सकाळी गाडी, दुपारी नवापूरला नदीकाठी जेवण आणि संध्याकाळच्या गाडीनं परत, असा बेत होता. डब्यात भाऊ खिडकीशी बसले, समोर धुडकूभाऊ, आणि कोपऱ्यात सासू-सून दोघी गाठोड्यांसारख्या. इंजिनानं शिटी दिली. कोळशाचा वास आला, धूर आला, पदराच्या आत कोळशाचे कण सुद्धा आले. नाही आला तो डोंगर.

"दखा, दखा, कशी हिरवय शे!" भाऊ ओरडले. अनुसयाबाईंना लाल लुगडं दिसत होतं आणि स्वतःचे गुडघे.

छबू त्यांच्या कानाशी पुटपुटली, "आत्याबाई, आपण काय दखाले वनूत?"

खरंच, आपण बघायला आलो तरी काय? बस, तेवढ्यानं भडका उडाला. खांडबाऱ्याला गाडी थांबली तशा अनुसयाबाई तांब्या घेऊन पाण्याला उतरल्या. तांब्या भरला, शिटी झाली, आणि आपल्या डब्याकडे न वळता त्या सरळ शेजारच्या डब्यात चढल्या. चुकून नव्हे, ठरवून. तिथे सीताफळांच्या पाट्या घेतलेल्या भिल्ल बाया होत्या. त्यांनी सरकून खिडकी दिली. अनुसयाबाईंनी दोन्ही हातांनी पदर मागे लोटला.

आणि मग डोंगर आला. व माय! सागाचं रान उतारावरून खाली ओघळलेलं, पुलाखाली पाणी लकाकतंय, वळणावर आपल्याच गाडीचं काळं इंजिन पुढे वाकून चढतंय, आणि डोंगरामागे आणखी डोंगर. वारा थेट गालांवर. त्या हसल्या, रडल्या, सीताफळ खाल्लं, बिया खिडकीबाहेर थुंकल्या. इतकी वर्षं हे सगळं इथेच होतं, आणि आपण चुलीपुढे बसून दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होतो, याचा संताप संताप झाला. आता जीव गेला तरी हा पदर खाली यायचा नाही, असं त्यांनी तिथेच ठरवून टाकलं.

नवापूरला उतरल्या तर फलाटावर आकांत! अनुसयाबाई खांडबाऱ्यालाच राहिल्या असं समजून धुडकूभाऊ गाडीच्या पार शेवटच्या डब्यापर्यंत पळत गेलेले, आणि रूपचंदभाऊ स्टेशनमास्तरांपुढे हातवारे करतायत. अनुसयाबाई जवळ जाऊन उभ्या राहिल्या. भाऊंनी पाहिलं आणि म्हणाले, "बाई, जरा बाजूले व्हा. आम्हनी बाई हराई गयी."

मास्तर म्हणाले, "खांडबाऱ्याला तार करतो. बाई दिसायला कशी आहे?"

"लाल लुगडं."

मास्तरांनी फलाटाकडे हात केला. निम्म्या बाया लाल लुगड्यात. "चेहरा सांगा. गोऱ्या का सावळ्या? नाक कसं? गोंदलेलं आहे का काही?"

भाऊंनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. घाम पुसला. जमलेली माणसं एकमेकांकडे पाहायला लागली.

"घरातलीच बाई ना तुमच्या?" मास्तरांनी विचारलं.

"मास्तरसाहेब," अनुसयाबाई खणखणीत बोलल्या, "त्यासले काय इचारतस? सावळी शे, नाक बसकं शे, हनुवटीवर गोंदन शे. मीच ती. अनुसया, धुडकू पाटीलनी बायको."

रूपचंदभाऊ गर्रकन वळले. तो चेहरा आणि तो आवाज त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. एवढ्यात धुडकूभाऊ धापा टाकत आले आणि कुजबुजले, "पदर! पदर ओढ!"

"नही ओढाव!" फलाटभर ऐकू गेलं. "मी डोंगर दखाले वनू. आते जेले लाज वाटत व्हई, त्यानी आपला डोया झाकी लेवा!"

नदीकाठी भाकरी खाल्ल्या गेल्या, भाऊंनी मात्र सगळ्यांकडे पाठ करून.

परतीच्या गाडीत अनुसयाबाई खिडकीशी बसल्या, जेठांच्या अगदी समोर, तोंड उघडं. भाऊंनी खाली पाहिलं, छताकडे पाहिलं. खिडकीबाहेर पाहावं तर मध्ये भावजयीचा चेहरा. शेवटी त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, स्वतःच्या डोक्यावरून हनुवटीपर्यंत ओढलं आणि झोपेचं सोंग घेतलं. धुडकूभाऊंनी शहाण्यासारखं दाराकडे तोंड फिरवलं.

अनुसयाबाईंनी छबूला हाताला धरून खिडकीशी ओढलं आणि आपल्या हातानं तिचा पदर वर केला.

"दख," त्या म्हणाल्या. "पोटभर दख."