हरेश्वरकाकांचे चिंचोके आणि माझे एकतीस ‘पण’

गेलं वर्षभर मी गार चहा पिते आहे, आणि त्याला जबाबदार असलेला माणूस आज बरोबर एक वर्षापूर्वी वारला.

या गैरसोयीची दखल कुठल्याही पातळीवर घेतली गेलेली नाही. शोकसभेत सगळे त्यांच्या मनमिळाऊ स्वभावावर बोलले. माझ्या चहावर अवाक्षर नाही.

हरेश्वरकाका आमच्या कारखान्याचे टाइमकीपर. घर पाम गावात, केबिन बोईसरच्या आमच्या गेटला लागून. त्याच केबिनच्या मागच्या अर्ध्या भागात बसून मी गेटचं सॉफ्टवेअर सांभाळते.
चहा आला की काका माझा कीबोर्ड सरळ बाजूला सरकवायचे.
“कोड काय पळून नाय जात, बाय. आधी चा पी.”

त्या सॉफ्टवेअरमध्ये एक फंक्शन आहे. सायरन वाजला की या घडीला कारखान्याच्या आत कोण आहे, त्याची यादी छापायची.
केमिकलचा कारखाना. गॅस सुटला तर ती यादी बघून माणसं आत शिरणार. यादीत नाव नसलेल्याला शोधायला कोणी जाणार नाही.

इतकं साधं काम. सात वर्षांत मी त्याची भेळ केली होती.

एकदा काका म्हणाले, “तुझा हा प्रोग्राम करतो काय, ते मला मराठीत सांग.” आणि ड्रॉवरमधून चिंचोक्यांची बरणी काढून बसले.
“कार्ड दाखवलं की माणूस आत. परत दाखवलं की बाहेर.”
“बरं.”
“पण बस सुटेल म्हणून लोक जाताना कार्ड दाखवतच नाहीत. म्हणून पाळी संपली की मीच त्यांना बाहेर धरते.”
टक. टेबलावर एक चिंचोका.
“पण कोणी डबल ड्यूटीला थांबला, तर तुम्ही नोंदवलेल्या चिठ्ठीवरून परत आत घेते.”
टक.
“पण तो कंत्राटी असेल, तर...”
टक.
“पण भातलावणीला गावी जाताना त्याने आपलं कार्ड भावाला दिलं असेल, तर...”
“थांब,” काका म्हणाले. “ही बरणी पुरायची नाय.”

एकतीस झाले.
नंतर मी कोडची गुंतागुंत मोजणारं टूल चालवलं. प्रोग्रामला जिथे जिथे फाटा फुटतो, तिथे ते एक धरतं. त्याचा आकडा चौतीस.
काकांसमोर मी तीन गिळले होते.

टूलच्या यादीत याच्याही वर एक फाइल होती. सुट्ट्यांचा जुना रिपोर्ट, आकडा साठ. मी बाह्या सरसावल्या.
“त्याला शेवटचा हात कधी लावलास?”
“चार वर्षं झाली.”
“आन ह्या यादीवाल्याला?”
“परवा.”
“तो झोपलाय तर झोपू दे ना! ह्याच्यात दर महिन्याला नवा पण घालतेस, आन सोडवायला बसतेस दुसरंच. मोठी हुशार हाय.”

मी त्यांना सुनावलं की चालत्या कोडला हात लावायचा नसतो. आमच्या धंद्यात आळसाला असं भारदस्त नाव देतात.

मग मॉक ड्रिल झालं. सायरन, सगळे कार्ड दाखवून मैदानात. माझी यादी म्हणाली, आत कोणी नाही. मॅनेजर टाळ्या वाजवणार, तेवढ्यात काकांनी गर्दीवरून नजर फिरवली.
“लक्षा कुठं हाय?”

मासवणचा लक्ष्मण. दुसऱ्याच्या बदल्यात डबल ड्यूटीला थांबलेला. कंप्रेसरच्या मागे काम करत होता, त्या आवाजात त्याला सायरन ऐकूच गेला नव्हता.
काकांनी त्याची चिठ्ठी वेळेवर नोंदवली होती. माझ्या दोन अटींचा क्रम उलटा लागला होता. आधी चिठ्ठीवरून आत घेतलं, मग पाळी संपली म्हणून बाहेर काढलं. कागदोपत्री लक्षा घरी पोचून जेवतसुद्धा असेल.

खरा गॅस असता तर.

आणि रिपोर्टमध्ये मी काय लिहिलं?
‘नोंदीतील मानवी चूक.’
नोंदी करणारा माणूस एकच होता.

काकांनी वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं.
“सही कुठं करू, बाय?”

मला वाटलं आता बोलणं बंद. दुसऱ्या दिवशी बरणी घेऊन हजर.
“चल. तुझे पण निस्तरू.”

एकेक चिंचोका उचलायचे आणि त्याच्या मागचा खरा माणूस सांगायचे. कोण, कुठल्या पाळीचा, कार्ड कोणाचं, तेव्हा आत होता की बाहेर. मी त्याची टेस्ट लिहायची. फंक्शन फोडून त्याचे लहान तुकडे केल्यावरही प्रोग्रामचं उत्तर तेच यायला हवं.
एकोणीस टेस्ट झाल्या.
मग एका रविवारी काका दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

राहिलेले बारा मला लक्षाने सांगितले. तीन गिळलेलेही त्यानेच बाहेर काढले.
मग मी फंक्शन फोडलं. आता त्याची लहान लहान फंक्शन्स झाली आहेत. सगळ्यात मोठ्यात चार चिंचोके.

काल नव्या कोडवरचं पहिलं ड्रिल होतं.
यादीत एकच नाव आलं. आत, काम दुसऱ्या मजल्यावर.
“ऊपर देखो, एक आदमी है!” सुपरवायझर ओरडला. दोघं धावत गेले.
खरंच होता. संडासात.
“अरे भाई, आराम से बैठने भी नहीं देते!”

अख्खं मैदान हसलं. मी तिथेच कठड्यावर बसले. इतकं हलकं मला वर्षभरात वाटलं नव्हतं.

आज सकाळी सेफ्टी ऑफिसरकडून तो जुना रिपोर्ट मागून घेतला. ‘मानवी चूक’च्या खाली लिहिलं, “नोंद बरोबर होती. चूक प्रोग्राममध्ये होती. प्रोग्राम माझा आहे.”
काकांच्या सहीखाली माझी सही केली. फाइल परत दिली.

हरेश्वरकाका, मनापासून नमस्कार.