माल का फुटत होता

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, ज्यांच्या हाताखाली पीएच.डी. केली त्या सरांपाशी नाही, आणि ज्याच्यापाशी सगळ्यात आधी बोलायला हवं होतं त्याच्यापाशी तर नाहीच. तुमची-माझी ओळख नाही, म्हणूनच बहुधा तुमच्यापुढे तोंड उघडतंय. तेही नीट उघडेल असं नाही. मध्ये मी भलतीकडे वळलो, तर समजा की मूळ मुद्दा जवळ आलाय.

मी गणिताचा मास्तर. नव्वदच्या दशकात शहापूरबाहेर हायवेला लागून एक इंजिनिअरिंग कॉलेज निघालं, तिथे लागलो. गाव सापगाव, घरी भातशेती. सासुरवाड मुरबाडकडे, माळशेजच्या रस्त्यावर वैशाखऱ्याला. तिथला माझा थाट काय सांगू! जावई, त्यात प्रोफेसर. घरात एकच पंखा, तो माझ्याकडे वळवायचे आणि बाकीचे घाम पुसत बसायचे. मी एकदाही म्हणालो नाही की वळवू नका. मला ते आवडायचं.

बायकोचा, सुनंदाचा, थोरला भाऊ काळूराम. मुरबाडच्या एमआयडीसीत एक इन्सुलेटरचा कारखाना होता — विजेच्या खांबावर तारा धरून बसलेले चिनी मातीचे तपकिरी नग असतात ना, ते. काळूराम तिथे कंत्राटावर होता, साच्यावर मातीला आकार द्यायच्या कामाला. हात चांगला होता त्याचा. नवा माणूस आला की त्याला आधी काळूरामशेजारी उभं करत. रस्त्याने जाताना खांबाकडे बोट करून तो मला म्हणायचा, "ह्यो आमच्या हातचा असंल, भावोजी." असेल की नाही, देव जाणे. पण तो मान वर करून बघत राहायचा.

त्याच्याच ओळखीने मी त्या कारखान्यात शिरलो. हेही सांगून टाकतो.

आकार दिलेला नग आधी सुकवणीच्या खोलीत ठेवतात आणि पुरता सुकला की भट्टीत घालतात. सुकायला फार वेळ जायचा, भट्टी रिकामी राहायची. मॅनेजरसाहेबांना वेळ कमी करून हवा होता, मला पीएच.डी.ला विषय हवा होता. माझे सर तर हरखून गेले. गणित, यंत्रं, मातीचे गुणधर्म आणि कारखान्याचं व्यवस्थापन, सगळं एकाच प्रबंधात! मी हिवाळाभर आणि उन्हाळाभर मोजमापं घेतली, समीकरणं मांडली आणि कुठला नग किती वेळ सुकवायचा ते ठरवून दिलं. पूर्वी लागायचा त्यापेक्षा बराच कमी वेळ. भट्टी भरभर चालायला लागली. साहेबांनी मला स्वतःच्या गाडीतून एसटी स्टँडवर सोडलं. मी हवेत होतो.

पावसाळा आला आणि माल फुटायला लागला.

भट्टी उघडली की आत तडकलेले नग. काहींचे तर उभे दोन तुकडे. साहेब रोज फोन करायचे, आणि कॉलेजच्या ऑफिसात फोन खणखणला की मी खडू उचलून वर्गाकडे निघायचो. प्रबंधाची तीन प्रकरणं लिहून झाली होती. सरांनी एका परिषदेत माझं नावही दिलं होतं. आता यातलं काय मागे घेणार होतो मी?

एका रविवारी कारखान्यात गेलो. भट्टीत जायला तयार ठेवलेले काही नग स्वतः फोडून पाहिले. बाहेरून कोरडे ठणठणीत. आत — ओल. बोटाला लागेल इतकी ओल. पावसाळी हवेत माती सावकाश सुकते हे कळायला प्रबंध लागत नाही. आमच्याकडे कुणीही वाळवण घालणारी बाई सांगेल. मी कोरड्या दिवसांत मोजलं आणि ते बारा महिने लागू केलं. पूर्वी पावसाळ्यात नग जास्त वेळ ठेवायची पद्धत होती, ती माझ्या हिशेबाने बंद केली होती. आतल्या ओलीची भट्टीत वाफ होत होती आणि नग तडकत होते. चूक माझी होती. संपूर्ण माझी. त्या रविवारी, तिथे उभ्याउभ्या, मला हे स्वच्छ कळलं.

इथपर्यंत नुसती चूक होती. चूक कुणाच्याही हातून होते. मी इथेच थांबलो असतो तर तुम्हाला हे ऐकावं लागलं नसतं.

आता सावड. सावड म्हणजे आमच्याकडची भातलावणीची रीत — आज सगळ्यांनी मिळून तुझं शेत लावायचं, उद्या माझं. काळूरामच्या टोळीने हीच रीत कारखान्यात नेली होती. लावणीच्या दिवसांत साच्यावरचे दोघं-तिघं आळीपाळीने शेतावर जात आणि त्यांच्या जागी पॅकिंगमधले उभे राहत. ऑफिसात पत्ता नाही. हे मला काळूरामनेच सांगितलं होतं, वैशाखऱ्याला जेवताना, हसत हसत. "आमी कंपनीतपन सावड करतो, भावोजी. एकाच्या जाग्यावर दुसरा उभा. काम काय आडत नाय." सुनंदा त्याच्यावर डाफरली, "दादा, कुनासमोर काय बोलावं ते कळतं का रे तुला?" तर तो म्हणाला, "गो, ते काय परके हायत?"

लावणी जुलैत. माल फुटायला लागला तोही तेव्हाच. दोन गोष्टी एकदम वाढल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही — हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो. फळ्यावर उदाहरणं देतो, पोरं हसतात.

त्या आठवड्यात मीटिंग झाली. साहेबांनी सरळ विचारलं, "सर, तुमच्या गणितात काही चुकलंय का?" मी नाही म्हणालो. नुसतं नाही म्हणून गप्प बसलो असतो तरी — पण नाही. मी उठलो, खडू घेतला, आणि बोर्डावर दोन रेषा काढल्या. एक फुटलेल्या मालाची, एक साच्यावरच्या बदली माणसांची. दोन्ही बरोबरच वर चढलेल्या. म्हणालो, या दिवसांत आकार देणारे हात सराईत नसतात, मातीत हवा राहते, दोष तिथे आहे. साहेबांना बदली माणसांची गोष्ट नवी होती. त्यांनी विचारलं, कुणाची टोळी? मी सांगितलं. मेहुण्याचं नाव घेताना माझा आवाजही हलला नाही.

त्यांना काढतील असं वाटलं नव्हतं, अशी मी पुष्कळ दिवस स्वतःची समजूत घालत होतो. खोटं आहे. कंत्राटाच्या माणसाला काढायला काय लागतं? गेटवर एक शब्द. मला ते पक्कं ठाऊक होतं आणि तरी मी बोललो. टोळीतल्या सगळ्यांना गेटवरूनच परत पाठवलं. काळूराम त्या संध्याकाळी शहापूरला आमच्या घरी आला. भांडायला नव्हे — माझी माफी मागायला. त्याच्यामुळे कारखान्यात माझी मान खाली गेली असेल म्हणून. मी त्याला म्हणालो, जाऊ दे. ऐकताय ना? मी त्याला मोठ्या मनाने म्हणालो, जाऊ दे.

तेव्हाही परत फिरता आलं असतं. पण मी काय केलं? पुढच्या पावसाळ्याआधी माझं समीकरण गुपचूप दुरुस्त केलं. दमट हवेचा हिशेब त्यात घातला, साहेबांना सांगितलं की थोडी सुधारणा केलीय. त्या वर्षी माल फुटला नाही. साच्यावर नवी माणसं होती आणि माल फुटला नाही. झालं! माझी दुरुस्ती कुणाला दिसली नाही, काळूरामचा दोष मात्र सिद्ध झाला. माझं खोटं मीच खरं करून दाखवलं. बदली माणसांमुळे माल फुटतो, असं एक प्रकरणही मी प्रबंधात घातलं; सरांना तेच सगळ्यात जास्त आवडलं. परीक्षकांनाही.

त्यानंतर वाट उरलीच नाही. काळूरामला सांगायचं तर डिग्री जाते. डिग्री मिळाल्यावर सांगायचं तर नोकरी जाते. नोकरीत कायम झालो, विभागप्रमुख झालो, तोवर सुनंदा भावाबद्दल बोलताना माझीच बाजू घ्यायला लागली होती — "दादानं तुमचं नाव घालवलं." आता तिला कसं सांगू? दरवर्षी दार थोडं आणखी लागत गेलं, आणि ते आतून लावणारा मीच. वैशाखऱ्याला अजूनही पंखा माझ्याकडे वळवतात. मी तिथे बसतो, जेवतो, घड्याळ बघतो.

काळूरामने शेती केली, जमेल ती मजुरी केली. मिळेल ते काम घेतलं, पण साच्याला परत हात लावला नाही. एकदा त्याने मला विचारलं होतं, अगदी साधेपणाने, "आमी गेल्यावर फुटायचं थांबलं, नाय का भावोजी? म्हंजे आमच्यातच होतं." मी मान हलवली. हो, हलवली. माझी नोकरी तेव्हा पणाला लागली नव्हती, समोर साहेब नव्हता, कुणी काही मागितलं नव्हतं. होकार द्यायचं काही कारणच नव्हतं.

काही वर्षांनी शेणव्याच्या बाजूला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने चिनी मातीचं लहानसं युनिट टाकलं. त्याला साच्यावर जाणता माणूस हवा होता. मी काळूरामचं नाव दिलं. वाटलं, एवढ्याने फिटेल. बघा, किती स्वस्तात फिटवायला निघालो होतो. काळूराम आमच्या घरी आला, ओसरीवरच बसला. सुनंदाने चहा दिला. मी त्याला सगळं सांगितलं — पगार, येण्या-जाण्याची सोय, पोरगा चांगला आहे. तो हाताचे तळवे उघडून त्यांच्याकडे बघत राहिला.

"नको, भावोजी," तो म्हणाला. "तुमी चांगल्यासाठी सांगताय. पन माज्या हाताला खोट हाय. परत कुनाचा माल फुटायचा."

एक वाक्य पुरलं असतं. सुनंदा समोर उभी होती, तो माझ्याकडे बघत होता, आणि ते वाक्य माझ्या जिभेवर होतं.

मी म्हणालो, "बरं. तुझी मर्जी."

त्याने चहा संपवला, कपबशी स्वतः विसळून ठेवली आणि गाडी पकडायला निघून गेला. त्याच्या हाताला खोट नव्हती. हे त्याला माहीत नाही.